ताबा

पहिली नोटीस तिने स्वतःच लावली,
इलोन्का ग्युर्को, वय एकोणऐंशी, वादी.
तेरा पायऱ्या उतरून, खालच्या दाराला,
निळ्या टेपने; पांढरीने रंग निघतो म्हणून.
तीन दिवसांत जागा सोडावी.
दार उघडलं गेलं तेव्हा म्हणाली म्हणे,
"वकिलाने लावायला सांगितली. सूप आहे हे.
भांडं मात्र परत दे."

मी बेलिफ. टोलेडो, ओहायो. बावीस वर्षं.
माझ्याकडे घर येतं ते चतुःसीमेसकट:
सदर मिळकत तळमजला, खोल्या दोन,
पूर्वेस रिफायनरीची धुरांडी,
पश्चिमेस मॉमी नदी, सध्या गोठलेली,
उत्तरेस बंद पडलेली हंगेरियन बेकरी,
दक्षिणेस आणखी एक मिळकत,
तीही माझ्याच यादीत.
प्रतिवादी रोशेल टिडवेल,
वृद्धाश्रमात रात्रपाळी, मुलगा एक,
डिसेंबर-जानेवारी थकीत.

पहिल्या तारखेला मॅजिस्ट्रेटबाईंनी विचारलं,
नोटिशीनंतर काही पैसे घेतलेत?
इलोन्का खुलली. घेतले ना!
शुक्रवारी फेब्रुवारीचं भाडं आणून दिलं तिने,
मी पावतीसुद्धा दिली, ही बघा कार्बनप्रत.
वकिलाने डोळे मिटले.
भाडं घेतलं की नोटीस मरते.
दावा फेटाळला. तीन मिनिटं;
आमच्याकडे हे लांबलेलं प्रकरण.
बसस्टॉपवर दोघी एकाच बाकावर बसल्या होत्या.
जायचं एकाच घरी होतं.

मग नवी नोटीस, नवी फी.
आता वकिलाने तिला पढवलं,
अनोळखी माणसाकडून चॉकलेट घेऊ नको
असं पोराला पढवतात तसं:
पैसे घ्यायचे नाहीत.
पुरते असले तरी नाहीत.
दारच उघडायचं नाही.

पुढचं मला त्या मुलाने सांगितलं,
मी समन्स घेऊन गेलो तेव्हा,
न विचारता.
आई रोज कामावर जाण्याआधी पाकीट घेऊन वर जायची.
कुठून कुठून जमवलेलं, तीन महिन्यांचं, दंडासकट.
टकटक केली की आतला रेडिओ बंद व्हायचा.
मग ती पाकीट दाराखालून सरकवायची.
थोड्या वेळाने ते बाहेर यायचं,
आधी एक कोपरा, मग सगळं,
काठीच्या टोकाने ढकललेलं.
पुन्हा आत.
पुन्हा बाहेर.
कोणी काही बोलायचं नाही.
मुलगा खालच्या पायरीवर बसून मोजायचा.
एका संध्याकाळी सात वेळा.

दुसऱ्या तारखेला इलोन्काला उत्तर पाठ होतं.
नाही. काहीही घेतलेलं नाही.
तिने खरंच सांगितलं.
रोशेलने पाकीट टेबलावर ठेवलं, कोपरे चुरगळलेलं.
बाईंनी ते पाहिलं, आणि म्हणाल्या,
देऊ करणं म्हणजे देणं नव्हे.
ताब्याचा हुकूम. पन्नास सेकंद.

लाल चिठ्ठी मी लावली.
रंगाचा विचार केला नाही.

मुदत संपली त्या सकाळी
चार हमाल, एक कुलूपवाला, एक रिकामा ट्रक
घेऊन गेलो. ट्रक रिकामाच परत पाठवला.
ती रात्रीच गेली होती.
कपाटं आतून पुसलेली,
खिडकीत मुलाने बोटाने काढलेलं काहीतरी,
आणि शेगडीवर निळं एनॅमलचं मोठं पातेलं,
घासलेलं, झाकण घातलेलं.
मी झाकण उचलून बघितलं.
काही नव्हतं.

इलोन्का खाली आली, कोटाखाली गाऊन.
सही केली: ताबा मिळाला.
मग तिनेही झाकण उचललं,
आणि रिकाम्या भांड्यात बघायला लागतो
त्याहून बराच जास्त वेळ बघत राहिली.

वर जाताना पातेलं एका हातात मावेना,
आणि कठडा सोडवेना.
तिसऱ्या पायरीवर थांबली.
मी घेतलं असतं.
पण एकदा ताबा दिला
की तिथल्या वस्तूला हात लावायची
मला परवानगी नाही.